गोंदाचे ठिपके

मी लपले. एकाहत्तर वर्षांची बाई, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेली, चक्क वह्यांच्या मांडणीआड लपले, आणि लपून झाल्यावर मला कळलं की आपण लपलोय. पलीकडच्या रांगेत आर्डिस होती. तिच्या ढकलगाडीच्या दांड्यावर ती जनेल हात ठेवून उभी होती आणि दोघी मिळून पेन्सिलींचे डबे निवडत होत्या. ऑगस्टचा पहिला सोमवार. शाळा उघडण्याआधीचा स्वस्ताईचा आठवडा, दुकानाच्या मधोमध खडूंचे, वह्यांचे, डिंकाच्या कांड्यांचे ढीग लावलेले, आणि पोराबाळांच्या आया याद्या हातात धरून एकमेकींच्या पायांवर गाड्या घालत होत्या. बावीस वर्षं हा सोमवार आमचा होता, माझा आणि आर्डिसचा. या वर्षी तिचा फोन आला नव्हता. मीही केला नाही. म्हटलं बघू या तरी, आठवण होते का. तर आठवण झाली होती बाईंना, सोमवारसुद्धा बरोबर लक्षात होता. फक्त मी लक्षात नव्हते.

लोक ते सामान पोरांसाठी नेतात, आम्ही गोधड्यांसाठी नेतो. हे आमच्या बर्फाळ डुलुथ शहरात आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण सुरुवात कोणी केली ते विचारा. मी केली. एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेच्या ऑफिसात होते. जूनमध्ये शाळा सुटली की पोरं बाकांत डबे टाकून जायची, निम्म्या खडूंसकट, आणि रखवालदार ते पोत्यात भरून फेकायचा. मला बघवायचं नाही. त्याच सुमारास आर्डिसच्या घरी पहिल्यांदा गेले, तर त्या बाईचं शिवणघर म्हणजे निव्वळ उकिरडा. किराण्याच्या पिशव्यांत चिंध्या, सोफ्यात सुया, आणि कात्री शोधायला गेलं की सापडायची चहाची गाळणी. मी पदर खोचला, म्हणजे बाह्या सरसावल्या, आणि दोन शनिवारांत ते घर लावून दिलं. गोधडीवरच्या एका ताऱ्याचे तुकडे एका पेन्सिलडब्यात. नमुन्यांचे कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून जाड फायलीत. उरलेला दोरा, लेस, सगळं पाठांतराच्या कोऱ्या कार्डांवर गुंडाळून. कात्र्या खाऊच्या डब्यात. टाचण्यांऐवजी डिंकाची कांडी, काठाला नुसती फिरवायची, धुतलं की जाते. आणि प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी. माझं अक्षर चांगलं आहे, मुख्याध्यापकांची पत्रंसुद्धा मीच लिहायचे. आर्डिस खुर्चीत बसून हसत होती. "ऑफिसबाई," ती म्हणाली, "तू देवाघरी गेलीस ना, तर आधी त्याच्या फायली लावशील, मग पाया पडशील." ते ऑफिसबाई मला तेव्हापासून चिकटलं, आणि तिने म्हटलं की बरं वाटायचं. दुसऱ्या कोणी म्हटलेलं मला चालायचं नाही.

आणि मग ही जनेल आली. नवऱ्याची बदली झाली म्हणून वसंतात फिनिक्सहून आली. वय चव्वेचाळीस, दात पांढरेशुभ्र, आणि बर्फ काय असतं ते फक्त सरबतात पाहिलेलं. आमचं गोधडीमंडळ चर्चच्या तळघरात भरतं. मे महिन्याच्या सभेला ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला एक गंमत सुचलीय, दाखवू?" आणि पिशवीतून काढले काय, तर पेन्सिलींचे डबे! मी लिंबाच्या वडीचा घास तोंडात धरून बसले. वीस बायका टाळ्या वाजवत होत्या. त्यातल्या निदान दहाजणींच्या घरी माझे डबे होते, पण टाळ्या वाजवताना कोणाला आठवलं नाही. आर्डिसलाही नाही. तिने जनेलला हाक मारली, "इकडे आण गं, बघू दे."

बघू दे, असं आर्डिस अजून म्हणते. दोन वर्षांपासून तिला समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुमच्याशी बोलताना ती तोंड जरा बाजूला वळवते, जणू तुमच्या शेजारच्या माणसाशी बोलतेय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या हिवाळ्यापर्यंत सुईत दोरा विसरा. मी काय केलं? मी चिठ्ठ्यांवरची अक्षरं मोठी केली. मग आणखी मोठी. शेवटी जाड काळ्या पेनाने रस्त्यावरच्या पाटीएवढी. एका डब्यावर 'पांढरे' हा एकच शब्द मावायचा, तोही तिरका. आणि जनेलने आणलेल्या डब्यांवर अक्षरच नव्हतं. तिने शाळेच्या पांढऱ्या गोंदाचे ठिपके दिले होते झाकणावर, वाळून टणक झालेले. एक ठिपका म्हणजे पांढरं कापड, दोन म्हणजे निळं, तीन म्हणजे लाल. आर्डिसचं बोट त्या झाकणावरून फिरलं, थांबलं, परत फिरलं. "निळं," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा जो काही झाला, तो मी बावीस वर्षांत तिच्या तोंडावर आणू शकले नव्हते. चोरी केली असती तर मी जनेलला माफ केलं असतं, खरंच. पण तिने माझी वस्तू माझ्यापेक्षा चांगली केली होती. साधे गोंदाचे ठिपके! एकतीस वर्षं मी ज्या गोंदाच्या बाटल्यांची मोजदाद केली त्याच गोंदाचे. मला का सुचलं नाही? कारण मला माझं अक्षर वाचलं जायला हवं होतं. हे आता लिहिताना कळतंय, तेव्हा नुसतं पोटात दुखत होतं.

तर मी वह्यांआड उभी, आणि पलीकडे जनेल म्हणत होती, "आर्डिस, हे पेन घेऊ या. पोरं वापरतात ना, मागच्या टोकाने घासलं की पुसलं जातं. कापडावर तर आणखी मजा, इस्त्री फिरवायची की गायब! पिसांची नक्षी याने काढते सगळी, मग त्यावरून टाके."

"काढ बाई, तुला हवं ते कर," आर्डिस म्हणाली. "मी आपली हात लावून बघेन."

"ब्रिटा खूश झाली पाहिजे."

ब्रिटा म्हणजे आर्डिसची नात. डिसेंबरात फार्गोला तिचं लग्न. तिच्यासाठी आर्डिसने मागचा अख्खा हिवाळा डोळ्यांत उरलं होतं तेवढं सगळं ओतून पांढऱ्यावर लाल ताऱ्यांचा वरचा थर जोडला होता, तिच्या आयुष्यातला शेवटचा. आमची रीत ठरलेली. ती तुकडे जोडायची, मी कापूस-अस्तर घालून धावदोरा घालायचे. अशा एकोणीस गोधड्या आम्ही केल्या, कोपऱ्यात दोघींची नावं. ही विसावी. माझ्याकडे येणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की जूनमध्येच पांढरा दोरा आणून ठेवला होता. आणि आता शाळकरी पोरांच्या कोलाहलात, मांडणीच्या फटीतून, मला कळत होतं की ती दुसरीला देऊन झालीय.

आणि त्या पेनाचं मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी बहिणीसाठी टेबलावरचा पट्टा शिवला होता, ऑफिसातल्या तसल्याच पेनाने नक्षी काढून. इस्त्रीने रेघा गेल्या, सुरेख दिसत होतं. मग जानेवारीत तो दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिला. बाहेर काढला तर सगळं परत! प्रत्येक रेघ, कोपऱ्यातली माझी बेरीज, आणि 'इथे चुकलं' असं मीच लिहिलेलं. ती शाई उष्णतेने जात नाही, नुसती लपते. हाडं गोठवणारी थंडी लागली की बाहेर येते, आणि पुन्हा इस्त्री केली तरी पुढच्या थंडीला पुन्हा येते, धुतलं तरी येते. मी तो पट्टा कचऱ्यात घातला आणि कोणालाही सांगितलं नाही. आर्डिसलाही नाही. दुसऱ्यांना शिकवणारी बाई मी, माझीच फजिती कशाला सांगू? फिनिक्सच्या बाईला हे कळायचं कारणच नव्हतं. तिथे डिकीत ठेवलेली गोधडी भाजून निघते.

मला फक्त रांगेच्या टोकापर्यंत जाऊन म्हणायचं होतं, अगं बायांनो, ते पेन नको. एवढंच. मी मूग गिळून उभी राहिले. हातात कसलीतरी वही होती, तिच्या पुठ्ठ्यावर कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र होतं, मी त्या पिल्लाच्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि त्यांची गाडी करकरत पुढे निघून गेली.

आठवड्याने आर्डिसचा फोन आला. ब्रिटाची गोधडी जनेलला दिल्याचं तिने आपणहून सांगितलं. "तुझा गुडघा दुखतो ना," ती म्हणाली, "म्हटलं तुला कशाला त्रास." गुडघ्याने शिवतं का कोणी? पण मी म्हटलं, "बरं केलंस." माझा आवाज इतका गोड निघाला की मला स्वतःचीच शिसारी आली. मग सप्टेंबरभर, ऑक्टोबरभर दर मंगळवारी जनेलची लाल गाडी आर्डिसच्या दारात दिसायची. मला त्या रस्त्याने जायचं काही कारण नव्हतं, तरी मी जायचे. कधी खिडकीतून दिवा दिसायचा, कधी काहीच नाही. एकदा आर्डिस हसताना ऐकू आली, गाडीच्या काचा बंद होत्या तरी ऐकू आली, किंवा मला तसं वाटलं. घरी येऊन मी भांडी आपटली. मला जनेल नकोशी होती, हे सरळ सांगते. तिचे दात नकोत, तिचं 'गंमत सुचलीय' नको. मला आर्डिस पूर्वीसारखी हवी होती, माझ्या चिठ्ठ्या वाचून कापड काढणारी. आणि मी हवामान बघायला लागले. सकाळी उठून आधी फार्गोचं तापमान. पारा उतरला की मनात लग्नाचा हॉल उभा राहायचा, नवरानवरी गोधडी उलगडतायत, पांढऱ्या कापडावर निळ्या रेघांचं जाळं, आणि जनेलच्या तोंडचं पाणी पळालेलं. मग मी सगळ्यांना समजावून सांगतेय, अगदी प्रेमाने. या चित्रात आर्डिस कुठे उभी आहे, ते मी कधी बघितलं नाही. बघायचा प्रयत्न केला की मी कपडे वाळत घालायला उठायचे.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी सभेत गोधडी दाखवली. दोघींनी दोन टोकं धरून उंच केली आणि तळघर गप्प झालं. पिसांची नक्षी चांगली झाली होती. वाईट झाली असती तर किती बरं झालं असतं. एक रेघ दिसत नव्हती. आणि तिसऱ्या ओळीत, मला लगेच दिसलं, एक तारा उलटा बसला होता, टोकं आत वळलेली. जनेलला दिसलं नव्हतं, कोणालाच दिसलं नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या. आर्डिस तोंड एका बाजूला करून उभी होती, टाळ्या कुठून येतात ते ऐकत. मग चाचपडत माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझी बाही धरली. "कशी झालीय?"

"छान."

"ही शेवटची हं, ऑफिसबाई. आता मी फक्त टाळ्या वाजवायला येणार." हसत म्हणाली. पण बाही सोडली नाही. तिची बोटं माझ्या मनगटावरून फिरली, झाकणावरून फिरावीत तशी. तेव्हा प्रथम मला त्या हॉलमध्ये ती दिसली. सगळे गोधडीकडे बघतायत, कोणी काही बोलत नाही, आणि ही एकटीच विचारतेय, काय झालं, काय झालं?

गुरुवारी सकाळी मी तिच्याकडे गेले. शनिवारी तिचा मुलगा गोधडी डिकीत टाकून फार्गोला निघणार होता. कोट न काढताच मी सगळं ओकले. पेन, थंडी, माझा पट्टा, सगळं. आर्डिस स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. तिने कप खाली ठेवला.

"तुला कधीपासून माहीत, की जनेलने ते पेन वापरलंय?"

"ऑगस्टपासून. दुकानात होते मी. वह्यांच्या मागे."

"वह्यांच्या मागे काय करत होतीस?"

"लपले होते."

फ्रिज घरघरत होता. "आणि आज डिसेंबर आहे," ती म्हणाली.

"हो."

"आण ती गोधडी. पलंगावर आहे. मागच्या पडवीत टाक, रेलिंगवर."

"अगं, कशाला मुद्दाम..."

"मला बघायचंय. म्हणजे तू बघ आणि मला सांग. आणि कोट काढ, नाहीतर नीघ तरी."

बाहेर पारा शून्याच्या बराच खाली होता, सरोवराकडून वारा येत होता. मी गोधडी पसरून आत आले आणि आम्ही कॉफी घेत बसलो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे कोणी ओरडत नाही, कॉफी ओततात. "विचार ना," ती म्हणाली, "तुला का दिली नाही. चार महिने तेच चघळत असशील."

"माझा गुडघा..."

"गुडघा गेला खड्ड्यात. तिसऱ्या ओळीत एक तारा उलटा आहे. दिसला ना तुला?"

मी कपातली कॉफी ढवळली.

"दिसला. मला वाटलंच. माझ्या बोटांना कळलं, पण सगळं जोडून झाल्यावर. तुझ्याकडे दिली असती तर तू तो उसवून सरळ केला असतास आणि एका शब्दाने बोलली नसतीस. मागच्या दोन गोधड्यांत केलंस तसं. काय वाटलं, मला समजत नाही? माझा टाका मला ओळखता येत नाही?"

मी उसवले होते. एकीत दोन तारे, दुसरीत पाच. प्रेमाने केलं असं मला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. "तुला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हटलं.

"जनेलला चूक दिसत नाही. तेवढं कळतच नाही तिला अजून. तिच्यासमोर मी चाळीस वर्षं गोधड्या शिवणारी बाई असते, मार्लिस. तुझ्यासमोर आंधळी होत चाललेली." तिने तोंड वळवलं, म्हणजे ती माझ्याकडे बघत होती. "मला तुझ्यासमोर आंधळं व्हायचं नव्हतं. बाकी कोणासमोरही चाललं असतं."

मी म्हटलं, "गोधडी आणते." पडवीत गेले आणि दारातच थांबले. सगळ्या रेघा आल्या होत्या. प्रत्येक पीस, प्रत्येक वळण, निळ्या रेघांनी भरलेलं, कडेला बारीक आकडे, आणि एका कोपऱ्यात जनेलच्या बाळबोध अक्षरात 'इथून सुरू'. चार महिने मी हेच बघायची वाट पाहिली होती. कापड कडक झालं होतं, दोन्ही हातांत धरून आत आणलं तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती. आर्डिसने टेबलावर तळवा फिरवला, मग मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला करून बघितलं.

"मला दिसत नाही. आल्यात का?"

नाही म्हणता आलं असतं. "आल्यात," मी म्हटलं. "सगळ्या."

"कुठल्या रंगाच्या?"

"निळ्या."

तिने मान हलवली. मग उठून कपाटातून इस्त्री काढली, चाचपडत प्लग लावला आणि मूठ माझ्याकडे केली. "चालू कर. शनिवारी मी ही उशीच्या अभ्र्यात घालून पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन जाईन, हीटरसमोर. लग्नाच्या दिवशी नको म्हणजे झालं. नंतर ब्रिटाला सांगेन, आजीच्या गोधडीला हिवाळा कळतो म्हणून."

"आर्डिस, मी..."

"आणि जनेलला सांगू नकोस. जीव ओतून केलंय तिने. तिला फार वाईट वाटेल."

हे ऐकून माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. एवढं सगळं झाल्यावर, माझी लाज टेबलावर पसरलेली असताना, माझ्या मनात पहिलं हेच आलं की हिला तिची काळजी आहे. "नाही सांगत," मी म्हटलं आणि इस्त्री पहिल्या पिसावर ठेवली. आर्डिस शेजारी खुर्ची ओढून बसली. एक बोट इस्त्रीच्या थोडं पुढे कापडावर टेकवून विचारायची, "गेली?" मी म्हणायचे, "गेली." मग बोट पुढे सरकायचं. अशा दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत तो उलटा तारा आला. त्यावरूनही मी इस्त्री फिरवली, आणि तिचं बोट पुढे सरकलं.

मग फोन वाजला. आर्डिसने उचलला आणि आवाज एकदम उजळला. "हां, जनेल! नाही गं, मस्त आहे गोधडी. काही नाही झालं. कोण? मार्लिस आलीय. हो, इस्त्री करतेय." पलीकडून काहीतरी बोललं गेलं आणि आर्डिस हसली, पाठ माझ्याकडे करून, फोनची वायर बोटाला गुंडाळत. मी चौथ्या ओळीवर आले. निळी रेघ वाफेखाली फिकी झाली, मग पांढरं कापड उरलं.

"गेली," मी मोठ्याने म्हटलं. तिने विचारलं नव्हतं.